कोकणातल्या धरणात पोहायला उतरण्यापूर्वी: महिन्यागणिक पाणी आणि पूर्वतयारी

टँकमध्ये पोहायला शिकून नंतर धरणाच्या किंवा तळ्याच्या पाण्यात उतरू पाहणारे लोक पहिला प्रश्न एकच विचारतात: पाणी किती गार असतं? कोकणापुरतं उत्तर सोपं आहे. गार नसतं. आमच्याकडच्या लहान धरणांत ऐन थंडीतल्या सकाळी वरचं पाणी साधारण २४ ते २६ अंश असतं, आणि मे महिन्याच्या दुपारी ते ३१-३२ वर जातं. खुल्या पाण्यातल्या आंतरराष्ट्रीय शर्यतींसाठी १६ ते ३१ अंशांची मर्यादा ठरलेली आहे. म्हणजे इथे खालची मर्यादा कधी आडवी येत नाही, आली तर वरचीच येते.

पण पाणी गार नाही म्हणजे ते सोपं आहे असं नाही. धरणाचं पाणी दर महिन्याला वेगळं असतं. पातळी बदलते, गढूळपणा बदलतो, वारा बदलतो, काठ बदलतो, तळातून पाणी सोडलं जातं किंवा बंद होतं. नोव्हेंबरमध्ये जिथे निर्धास्त पोहलात तिथेच एप्रिलमध्ये झाडाचा बुंधा पोटाला लागू शकतो. म्हणून माझा आग्रह असा की एकच पाणी निवडावं, त्याचं वर्षभराचं वागणं समजून घ्यावं आणि मग त्यात लांब जावं. त्यासाठी काय करायचं ते खाली क्रमाने लिहिलं आहे.

१. पाणी कुठलं आहे ते आधी ठरवा

पिण्याच्या पाण्याचा साठा असेल तर तिथे पोहायचं नाही. हा विषय तिथेच संपला. मुंबईला पाणी देणारे तानसा, मोडकसागर यांसारखे तलाव तर सोडाच, पण गावाच्या नळपाणी योजनेची विहीर ज्या तळ्याच्या काठाला आहे तेही सोडा. मालवण तालुक्यातलं धामापूरचं तळं पाहून कुणालाही उतरावंसं वाटेल. ते १५३० सालचं आहे आणि २०२० साली त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळाला. त्याच्या काठी भगवती देवीचं देऊळ आहे आणि गावांचं पाणी त्यावर अवलंबून आहे. ते काठावरून बघावं.

नदीचं पाणी असेल तर दोन गोष्टी विचारा. पहिली, मगरी. वाशिष्ठी, जगबुडी आणि सावित्री या तिन्ही नद्यांत मगरी आहेत, आणि त्यांची संख्या लक्षात घेण्याजोगी आहे. या नद्यांच्या खालच्या टप्प्यात, खाडीच्या बाजूला, पोहण्याचा विचारच नको. हिवाळ्यात मगरी चिखलाच्या काठावर उन्हाला पडलेल्या दिसतात, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठाच्या मातीत अंडी घालतात आणि मग जवळ येणाऱ्याला सहन करत नाहीत. मगर दिसत नाही म्हणजे ती नाही असं धरू नका, गावातल्या माणसाला विचारा.

दुसरी गोष्ट, वरून सोडलं जाणारं पाणी. चिपळूणची वाशिष्ठी भर उन्हाळ्यात वाहती दिसते ती कोयनेच्या अवजलामुळे. सह्याद्रीच्या पलीकडचं पाणी वीज करून पोफळी-कोळकेवाडीकडून खाली येतं आणि नदीला मिळतं. वीजनिर्मिती वाढली की पातळी वाढते, आभाळात ढगही नसताना. कुंडलिकेचंही तसंच आहे: भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटतं म्हणून कोलाडला राफ्टिंग चालतं. अशा नदीत गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलेला माणूस तासाभराने परत येऊ शकेलच असं नाही.

राहतात ती पाटबंधारे खात्याची लहान-मध्यम धरणं. बऱ्याच ठिकाणी 'पाण्यात उतरण्यास मनाई' असा फलक असतो. फलक असेल तर उतरू नका. नसेल तर जवळच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन विचारा आणि ग्रामपंचायतीला कळवा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण त्यातून दोन फायदे होतात: पाणी कधी सोडणार ते कळतं, आणि तुम्ही पाण्यात आहात हे गावातल्या कुणाला तरी माहीत असतं.

बंधाऱ्याच्या किंवा सांडव्याच्या खालच्या बाजूला कधीच उतरू नका, पाणी कितीही उथळ दिसलं तरी. पडणारं पाणी तिथे खाली जाऊन पुन्हा बंधाऱ्याकडेच फिरतं आणि त्यात सापडलेला माणूस बाहेर फेकला जात नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्यातून सुटणं कठीण असतं.

२. मे महिन्यात जाऊन तळ बघा

हा टप्पा नवे लोक सोडून देतात, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा हाच.

मेच्या शेवटी धरणाची पातळी सर्वांत खाली असते. पोहण्यासाठी नव्हे, नुसतं चालण्यासाठी तेव्हा जा. एरवी पाण्याखाली असलेलं सगळं उघडं पडलेलं असतं: बुडालेल्या बागांतले आंबा-काजूचे बुंधे, जुने गडगे, घरांचे चौथरे, विहिरीचे काठ, खडकांचे सुळके. कुठे कातळ आहे, कुठे मुरूम आहे आणि कुठे गुडघाभर गाळ आहे ते पायाखाली कळतं. मोबाईलवर फोटो काढा आणि प्रत्येक फोटोत काठावरची एखादी न हलणारी खूण येऊ द्या: देवळाचा कळस, मोबाईलचा टॉवर, एकटा उभा माड. नोव्हेंबरमध्ये तळं काठोकाठ भरलेलं असतं तेव्हा याच खुणांवरून ओळखता येतं की आपल्या खाली काय आहे.

त्याच फेरीत विमोचक कुठे आहे ते पाहून ठेवा. धरणाच्या भिंतीलगत पाण्यात उभा असलेला तो मनोरा, कालव्याचं पाणी त्यातून सुटतं. त्याच्या आसपास पाणी खाली ओढलं जातं आणि वरून काहीच दिसत नाही. विमोचक आणि सांडवा, दोन्हींपासून निदान शंभर मीटर लांब राहा.

उतरायची आणि वर यायची जागाही आत्ताच ठरवा. भिंतीच्या दगडी पिचिंगवरून उतरू नका. ते दगड शेवाळाने निसरडे असतात, फटीत पाय अडकतो, आणि दमून परत आल्यावर त्यावर चढता येत नाही. फुगवट्याकडचा, म्हणजे भिंतीपासून लांब पाणी पसरतं त्या बाजूचा, मुरमाड, हळूहळू उतरत जाणारा काठ शोधा. मात्र ओढा जिथे येऊन मिळतो तो कोपरा टाळा, गाळ तिथेच साचतो.

३. वर्षभराचं पाणी

*दिवाळी ते शिमगा.* हाच आपला हंगाम. दिवाळीनंतर गाळ खाली बसतो आणि पाणी हिरवट-निळं, पारदर्शक होतं. पातळी वर असल्याने बुंधे खोल असतात. सकाळी वारा जमिनीकडून, हलका असतो आणि पाणी सपाट असतं. साधारण अकरा-बारा वाजता खारे वारे सुरू होतात. किनाऱ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत असलेल्या धरणावरही ते पोचतात आणि लहान, टोकदार लाटा उठतात. टँकमध्ये शिकलेल्या माणसाच्या तोंडात श्वास घेताना पाणी जातं ते याच लाटांमुळे. म्हणून उजाडल्यावर उतरा आणि दहाच्या आत बाहेर या.

डिसेंबर-जानेवारीत सकाळची हवा १६ ते २० अंश असते आणि पाणी त्याहून उबदार. उतरताना बरं वाटतं, गारठा बाहेर आल्यावर लागतो. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पटीने ओढून घेतं, त्यामुळे २५ अंशांच्या पाण्यातही तासाभराने बोटं बधिर होऊ लागतात, विशेषतः सडपातळ माणसाची आणि मुलांची. बोटं एकमेकांना जुळवता येईनात की बाहेर पडायची वेळ झाली. याच दिवसांत पाण्यावर धुकं असतं. पलीकडचा काठ दिसेपर्यंत काठावरच थांबा. धुक्यात दिशा चुकते आणि तुम्ही गोल फिरत राहता.

डिसेंबरपासून वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या, शेतीसाठी कालवा सुरू होतो. कधी सुटणार, किती दिवस चालणार ते कालव्यावरच्या चौकीदाराला विचारा.

*एप्रिल आणि मे.* पाणी उतरलेलं, तापलेलं, आणि फसवं. वरचा दोन-तीन मीटरचा थर गरम असतो, त्याखाली एकदम गार पाणी लागतं. वर तापलेलं पाणी हलकं होऊन तिथेच राहतं, आणि वाऱ्याला ते खालच्याशी मिसळण्याएवढा जोर नसतो. सूर मारून खाली गेलेल्या माणसाचा श्वास या गार थरात गचकन आत ओढला जातो आणि पाणी छातीत जातं. सूर मारायचाच नाही, हा नियम वर्षभर पाळा, पण या दोन महिन्यांत तर डोळ्यांत तेल घालून.

उलट बाजूने उष्णतेचाही त्रास होतो. ३१ अंशांच्या वर जोरात पोहलं की शरीराची उष्णता बाहेर पडायला जागा उरत नाही. पाण्यात घाम जाणवत नाही. डोकं दुखणं, मळमळ, हात जड होणं ही पहिली लक्षणं. सकाळी नऊनंतर पाण्यात राहू नका आणि पोहण्याआधी पाणी प्या. काठाला हिरवा तवंग, रंग सांडल्यासारखा दिसत असेल आणि कुबट वास येत असेल, तर त्या दिवशी पाय बुडवूही नका, कुत्र्यालाही उतरू देऊ नका. त्या शेवाळात विषारी जाती असू शकतात. आणि दुपारी वळवाचा गडगडाट ऐकू आला की तत्क्षणी बाहेर. मोकळ्या पाण्यावर तुमचं डोकं हाच सर्वांत उंच भाग असतो.

*मृगापासून ऑक्टोबरपर्यंत.* बंद. मच्छीमार १ जून ते ३१ जुलै समुद्रात जात नाहीत, नारळी पौर्णिमेला नारळ देऊन मगच हंगाम धरतात. जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगली त्यांनी या महिन्यांना दिलेला मान आपणही द्यावा. एका रात्रीत पातळी काही मीटर वर येते, व्हाळांमधून, म्हणजे ओढ्यांतून, ओंडके येतात, लाल मातीने पाण्यात हातभर खालचंही दिसत नाही. ज्या धरणांच्या सांडव्याला दरवाजे नाहीत ती भरली की कुणालाही न विचारता वाहू लागतात.

गणपतीच्या दिवसांबद्दल वेगळं लिहायला हवं. चाकरमानी गावी येतात, ऊन पडलेलं असतं, तळं भरलेलं सुंदर दिसतं, आणि मुलांना 'येतं ना पोहता' म्हणून सोडलं जातं. टँकमध्ये पंचवीस मीटरवर भिंत असते. तळ्यात ती नसते, पाय टेकत नाहीत आणि खालचं दिसत नाही. घाबरलेला माणूस शिकलेलं सगळं विसरतो. तुमच्या घरी गणपतीला मुलं येत असतील तर त्यांच्यासोबत पाण्यापर्यंत जा आणि काठावर तुम्ही स्वतः उभे राहा.

ऑक्टोबरमध्ये पाणी २९-३० अंश आणि निवळू लागलेलं असतं, मोह होतो. पण लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, धोका याच सुमारास असतो: शेतातलं पाणी उंदरांच्या मूत्रासकट तळ्यात उतरलेलं असतं आणि जंतू कापलेल्या-खरचटलेल्या कातडीतून आत जातात. दिवाळीपर्यंत थांबा.

४. पाणी मोजायला शिका

थर्मामीटर मत्स्यालयाच्या दुकानात स्वस्तात मिळतो. वरचं तापमान कोपर बुडेल एवढ्या खोलीवर घ्या, अगदी पृष्ठभागावर नको. खालच्या थरासाठी: काचेच्या बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा, बाटली तीन मीटर खाली सोडा आणि बुचाची दोरी हिसडून ओढा. बुडबुडे थांबले की वर घेऊन लगेच थर्मामीटर घाला. वरच्या-खालच्यात तीन-चार अंशांचा फरक आला तर थर पक्के झालेत असं समजा.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, दोन तापमानं, वारा कुठून, पातळी भिंतीवरच्या मोजपट्टीप्रमाणे किती. एक वर्ष भरलं की तुमच्याकडे त्या पाण्याची अशी माहिती असेल जी कोणत्याही ॲपवर मिळणार नाही.

५. कागद आणि सामान

खात्याकडे किंवा ग्रामपंचायतीकडे जाताना: साधा अर्ज (कोण, कधी, किती जण), आधारकार्डाची प्रत, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि स्वतःच्या जबाबदारीचं हमीपत्र. गट असेल तर प्रत्येकाच्या घरचा फोन नंबर. अर्जाची पोच घ्या.

पाण्यासाठी:

- कमरेला बांधायचा रंगीत फुगा, म्हणजे टो-फ्लोट. यावर तडजोड नको. त्याला धरून विसावा घेता येतो आणि तुम्ही लांबून दिसता.
- भडक नारिंगी किंवा गुलाबी टोपी. निळी, हिरवी, काळी पाण्यात दिसत नाही.
- गॉगल, आणि गळ्यात शिट्टी.
- पायात बसणारी रबरी चप्पल किंवा पाण्यातले बूट.
- काठावर: वीस मीटर दोर, त्याला बांधलेला झाकणबंद रिकामा पाच लिटरचा कॅन, टॉवेल, पूर्ण बाह्यांचे कोरडे कपडे, गरम चहाचा थर्मास.
- काठावर एक माणूस, ज्याचं लक्ष फोनमध्ये नसेल.

दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाजूला तिळारीच्या परिसरात जाणार असाल तर आणखी एक. तिथे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, म्हणजे नेमका आपला हंगाम. तो गोचिडीच्या चावण्यातून होतो. रानातून जाताना पूर्ण पँट, मोज्यांत खोचलेली, आणि परतल्यावर अंग तपासून बघा. कपडे पाल्यापाचोळ्यावर टाकू नका, पिशवीत ठेवा.

६. उतरायच्या दिवशी

आधी जाळ्यांची चौकशी. धरणात मासेमारीचा ठेका असतो, जाळी संध्याकाळी लावतात आणि सकाळी काढतात, म्हणजे तुमच्या वेळेला ती पाण्यातच असतात. नायलॉनचं जाळं पाण्यात दिसत नाही. वर तरंगणाऱ्या रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे एवढीच खूण. काठावर होडीवाला भेटला तर त्याला विचारा, "काका, जाळी खंय लावल्यात?" ते हात करून दाखवतात, आणि बऱ्याचदा न विचारलेलंही सांगतात: कुठे खोल आहे, कुठे झाडं आहेत. त्यांच्या जाळ्याचं नुकसान आपल्यामुळे होऊ नये हेही आपलंच काम आहे.

पाण्यात चालत उतरा. छातीभर पाण्यात दोन मिनिटं उभे राहा, तोंड बुडवून श्वास सोडा, छाती शांत झाली की सुरुवात करा. पहिले काही आठवडे काठाला समांतरच पोहा, पाय टेकतील एवढ्या अंतरावरून. पलीकडचा काठ नेहमी जवळ वाटतो, पाण्यावर अंतराचा अंदाज येत नाही. आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर परत येताना वारा मदतीला असेल. आठ-दहा हातांनंतर डोकं वर करून काठावरची खूण बघा. अंगातली एक तृतीयांश ताकद संपली असं वाटताच वळा.

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात पोहणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. समुद्राचं पाणी खारं आणि जड असतं, लिटरमागे साधारण पंचवीस ग्रॅम जास्त, म्हणून अंग वर राहतं. धरणात तेच पाय खाली जातात आणि दम लवकर लागतो. समुद्रातलं आपलं अंतर इथे सुरुवातीला निम्मं धरा.

पाणदिवड दिसली तर थांबा, तिला जाऊ द्या. ती विषारी नाही. तिला घाबरून केलेली धडपड जास्त धोक्याची.

दारू घेतलेल्याला पाण्यात सोडू नका. तो कितीही जवळचा मित्र असो.

७. कुणी बुडू लागला तर

बुडणारा माणूस ओरडत नाही. तोंड पाण्याच्या रेषेवर, हात बाजूला, उभा, आणि गप्प. असं दिसलं की कॅन बांधलेला दोर फेका, काठी द्या. त्याच्याकडे रिकाम्या हाताने पोहत जाऊ नका, तो तुम्हाला धरून खाली नेईल.

बाहेर काढल्यावर उलटा टांगणं, पोट दाबून पाणी काढणं यात वेळ घालवू नका. गावोगावी हे अजून केलं जातं आणि त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास नसेल तर मान मागे करून, नाक चिमटीत धरून तोंडाने आधी पाच श्वास द्या, मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, मदत येईपर्यंत. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा, लागला नाही तर ११२. धरणाच्या खोऱ्यात बऱ्याचदा रेंज नसते. रेंज कुठल्या वळणावर येते ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

शुद्धीवर आलेल्यालाही दवाखान्यात न्याच. छातीत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

८. घरी आल्यावर

साबणाने आंघोळ करा, कान कोरडे करा, खरचटलं असेल तर धुऊन औषध लावा. अंगावर गोचीड आढळली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, चिरडू नका. वहीत नोंद करा.

पुढचे दोन-तीन आठवडे ताप, पोटऱ्या दुखणं किंवा डोळे लाल होणं यांवर लक्ष ठेवा. ताप आला तर घरात गोळी घेऊन बसू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. डॉक्टरांनी न विचारताही त्यांना सांगा की आपण अमुक तारखेला अमुक धरणात पोहलो आणि रानातून चालत गेलो. लेप्टो आणि माकडताप सुरुवातीला साध्या तापासारखेच दिसतात, आणि या एका वाक्याने योग्य रक्ततपासणी पहिल्याच दिवशी होते.